ओल किती, चरबी किती

माझं शिकणं चौथीपर्यंतच. त्यातही धानाच्या रोवणीचे महिने शेतातच जायचे. त्यामुळे वेलांटी कुठली आणि उकार कुठला, यात मी चुकणार. अक्षरही बरं नाही. ओळ सरळ निघते आणि कागदाच्या टोकाला पोचेपर्यंत खाली उतरते. हे कोणाच्या हाती पडलं तर त्याने तेवढं समजून घ्यावं. चारचौघांत मला बोलता येत नाही, घशात काहीतरी अडतं. लिहिताना तसं होत नाही. म्हणून बाईंबद्दल लिहून ठेवते.

बाईंचं घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेला लागून. समोरच्या बाजूला भाड्याने दिलेली दोन दुकानं, मागे घर आणि त्याच्याही मागे एक खोली. त्या खोलीत मी राहत होते. माझा नवरा गेल्यावर बाईंनी मला ती खोली दिली आणि स्वयंपाकाचं, झाडझुडीचं काम दिलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. माहेर करडी गावचं, तिथे धाकटा भाऊ शेती करत होता.

बाईंची सगळी नोकरी धान खरेदी केंद्रावर गेली. त्या ग्रेडर होत्या. शेतकऱ्याने आणलेलं धान घ्यायचं की नाही, हे त्या ठरवत. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मधलं धान बाहेर काढायच्या, एक दाणा दाताखाली फोडून बघायच्या, मग मूठभर धान ओल मोजायच्या यंत्रात घालायच्या. ओल मापात बसली तर पोत्यावर तळहाताची थाप मारून म्हणायच्या, "पास." जास्त निघाली तर, "वापस." याच्यापुढे एक शब्द नाही. कोणी हात जोडो की ओळख सांगो. वजन वाढावं म्हणून लोक धानावर पाणी शिंपडतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून नुसत्या वजनावर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही.

नोकरी संपली तरी ती सवय गेली नाही. धान नाही तर माणसं. कोणी म्हणालं की माझं वजन साठ किलो, तर बाई लगेच विचारायच्या, "साठात चरबी किती?" समोरचा गोंधळायचा. मग बाई समजावून सांगायच्या की साठ किलोचं एक माणूस भरीव असतं आणि साठ किलोचंच दुसरं पोकळ असतं, काट्याला त्यातलं काही कळत नाही. एवढं सांगून थांबल्या असत्या तर ठीक होतं. त्या चिमटा काढायच्या. दंडाच्या मागे, बेंबीच्या बाजूला, कमरेच्या हाडावर. मांस सोडून नुसती कातडी आणि तिच्याखालची चरबी दोन बोटांत उचलायची, आणि ती किती जाड भरते ते बघायचं. नळावर बाई आल्या की बायका पदर घट्ट करायच्या. शेजारची एक म्हातारी तर तोंडावर म्हणायची, "माणूस पाहून राहिल्या बाई, का बकरा?" बाई म्हणायच्या की बकऱ्याचं बरं असतं, तो पोट आत ओढून उभा राहत नाही.

बोटांचा अंदाज चुकतो म्हणून त्यांनी भंडाऱ्याला जाऊन पितळेच्या दुकानातून एक चिमटा बनवून आणला. मोबाईलमध्ये त्यांनी तसला पाहिला होता. दोन वाकडे हात, मध्ये स्प्रिंग, आणि एका बाजूला कंपासपेटीतल्या पट्टीसारख्या खुणा. दुकानदाराने कशासाठी म्हणून विचारलं. बाई म्हणाल्या, चरबी मोजायला. तो बिचारा मटणवाल्यांच्या कामाचं काही असेल असं समजला आणि स्प्रिंग चांगली कडक लावली. त्याचे वळ माझ्या दंडावर आठवडाभर होते. बाईंनी ते बघितले, स्प्रिंग ढिली करून आणली आणि पुन्हा माझाच दंड धरला.

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण त्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. बाईंच्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

तो आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिसला जायचा. बायकोला साखर, तिची किडनी चालली नसती. मुलं लहान होती. रक्त जुळलं ते बाईंचं. किडनी देण्याबद्दल त्यांनी कोणाशी चर्चा केली नाही. डाळ शिजली का विचारतात तसं मला सांगितलं की एक त्याला देते, एक मला पुरे.

तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळे कागद बघितले, सगळं चांगलं आहे म्हणाला, आणि मग बाईंच्या पोटाकडे बघितलं. तेव्हा बाई चांगल्या जाड होत्या. चिमटा दुसऱ्यांना काढत, स्वतःला नाही. डॉक्टर म्हणाला की इतकी चरबी असताना ऑपरेशन करणं धोक्याचं आहे, आणि नंतर एकच किडनी राहील, उद्या साखर किंवा बीपी झालं तर ती पण जाईल. कमी करून या, तोपर्यंत भावाला डायलिसिसवर ठेवू. किती दिवस ठेवता येईल, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, फार थांबू नका.

परत येताना एसटीत बाई खिडकीला होत्या. मौदा गाव मागे पडलं तरी गजाला डोकं टेकूनच होत्या. मला वाटलं झोप लागली. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "आजवर मी लोकायचे पोते वापस केले. आज मले वापस केलं वो."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी जेवण सोडलं. आमच्याकडे भात म्हणजे जेवण. त्यांनी भात बंद केला, भाजी बंद केली, डाळ पण बंद केली. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, मध्ये काळा चहा. मी तरी रोज ताट वाढायचे आणि उचलायचे. समोरच्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर त्या रोज उभ्या राहत आणि काटा खाली येताना बघून खूश होत. चेहरा उतरला, केस गळायला लागले, जिना चढताना कठडा धरावा लागायचा. वजन मात्र भराभर पडलं. त्यांनी ठरवलेलं वजन आलं तशा आम्ही पुन्हा नागपूरला गेलो.

या वेळी त्यांना एका मोठ्या यंत्राखाली आडवं झोपवलं. वरून एक दांडा हळूहळू सरकत जातो आणि हाड किती, मांस किती, चरबी किती, हे वेगवेगळं काढतो. डॉक्टरने कागद समोर ठेवला. वजन उतरलं होतं, पण त्यात मांसही गेलं होतं. शेकडा चरबी होती जवळजवळ तेवढीच. रक्तही कमी झालं होतं. आता तर मी अजिबातच करणार नाही, तो म्हणाला.

मला वाटलं बाई खचतील. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसल्या, माझ्या पिशवीतली केळी मागून घेतली आणि खाता खाता म्हणाल्या, "मी कशी येडी वो. धान वाळवाचं सोडून पोत्यातले दाणेच काढून टाकले. वजन तं कमी होईनच. ओल तेवढीच राहिली."

त्या केळ्यापासून खरं काम सुरू झालं.

बाजारातून त्यांनी काळा करदोडा आणला. दुकानदार विचारत होता, मुलगा केवढा आहे. बाईंनी तो स्वतःच्या बेंबीवर बांधला, फार घट्ट नाही, फार सैल नाही, आणि गाठ पक्की मारली. रविवारी सकाळी चहाच्या आधी तो बघायचा. खाली घसरायला लागला की पट्टीने कंबर मोजून गाठ नवी मारायची. मान आणि ढुंगण पण मोजायचं, कारण नुसत्या कमरेवरून कळत नाही, तिन्ही मापं मोबाईलमध्ये टाकली की तो चरबीचा अंदाज सांगतो. तो आकडा चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहायचा. दिवाळीला मी सगळं घर सारवलं-पोतलं, पण त्या भिंतीला बाईंनी हात लावू दिला नाही.

स्वयंपाक मला पुन्हा शिकावा लागला. भात होता, पण मुठीएवढा. त्याच्यासोबत डाळ, अंडी, पालेभाजी, तळ्यातले झिंगे, हरभरे. मांस गेलं ते परत आणायचं होतं, म्हणून बाई वजन उचलायच्या. त्यांच्याकडे जिमचं सामान कुठलं. अर्धं पोतं धान भरून शिवलं होतं, ते जमिनीवरून छातीपर्यंत उचलायचं आणि खाली ठेवायचं. सकाळी हायवेच्या कडेने दोन्ही हातांत एकेक वीट घेऊन चालायच्या. ट्रकवाले हॉर्न मारून जायचे. एकाने गाडी हळू करून विचारलं, मावशी, घर बांधून राहिली का? बाईंनी वीट उचलून दाखवली तसा तो निघून गेला.

भंडाऱ्याला एका जिममध्ये उभं राहून चरबी मोजायची मशीन आहे असं कळलं. बाई मला घेऊन गेल्या. जिमवाला पोरगा होता, काकू काकू करत होता. बाई म्हणाल्या, आधी हिची मोज. नमुना बघितल्याशिवाय त्या कोणत्याच यंत्रावर विश्वास ठेवत नसत. मी म्हणजे नुसती काडी. माझ्या दंडावर त्यांच्या चिमट्याला धरायला काही सापडत नसे. मी चप्पल काढून मशीनवर उभी राहिले. मशीनने एकोणचाळीस दाखवले. जिमवाला म्हणाला की काकू, बारीक माणसातपण चरबी लपलेली असते, और हमारे यहाँ पॅकेज आहे. मला रडायलाच आलं. बाई मात्र मशीनकडे बघत नव्हत्या, माझ्या पायाकडे बघत होत्या.

माझ्या टाचा रोवणीच्या चिखलात गेलेल्या. जाड, कडक, भेगा पडलेल्या, त्यात माती बसलेली. बाईंनी त्या पोराला विचारलं की मशीन चरबी बघते कशी. तो म्हणाला, एका पायातून थोडासा करंट सोडते, दुसऱ्या पायातून घेते, चरबीत तो अडतो. बाईंनी बादलीभर गरम पाणी मागितलं. मला स्टुलावर बसवलं आणि पाय भिजत ठेवले. मग जिमच्या दारातच खाली बसून माझ्या टाचा दगडाने घासल्या. मी पाय ओढून घ्यायला लागले तर मांडीवर एक चापट दिली. येणारी जाणारी पोरं बघत होती. मी मान वर केली नाही. आयुष्यात माझे पाय दुसऱ्या कोणी धुतले नव्हते. ओल्या फडक्याने तळवे पुसून पुन्हा उभी केली, तर मशीनने चोवीस दाखवले.

बाईंना इतका आनंद झाला की जणू चोरी पकडली. "यानं पोत्याच्या वरचाच थर पाह्यला," त्या म्हणाल्या. "आत नळी घातलीच नाही." जिमवाला पोरगा ओशाळला आणि त्याने आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. पण बाईंनी मशीनला टाकून दिलं नाही. त्या दिवसापासून दर महिन्याला त्याच वेळी, उपाशीपोटी, पाय भिजवून, ओल्या फडक्याने पुसून त्या तिच्यावर उभ्या राहिल्या. मी एकदा धीर करून विचारलं की मशीन खोटी आहे तर कशाला जायचं. तेव्हा त्या जे बोलल्या ते मी विसरले नाही.

"आकडा खरा का खोटा, ते सोड. दर खेपेले एकाच रीतीनं मोजाचं. मंग तो खाली गेला का वर आला, तेवढं खरं."

त्यांचा पहिला आकडा त्रेचाळीस होता.

याच काळात पैशाचं झालं. दुकानांचं भाडं आणि साठवलेलं सगळं भावाच्या गाडीभाड्यात आणि औषधांत जात होतं. एके दिवशी बाईंनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की आजपासून पगार देता येणार नाही. राहायचं तर राहा, नाही तर दुसरं घर बघ, मी वाईट मानणार नाही. पण राहिलीस तर बुडवणार नाही. मी उठले आणि अंडी उकडायला ठेवली. मग दारात पोतं उचलल्याचा आवाज आला.

करडीचा दिवस मात्र वेगळा सांगायला हवा. धान पेरण्याआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. भरीव दाणा तळाला जातो, पोचट वर तरंगतो, तो काढून टाकतात. बाईंच्या डोक्यात आलं की माणसाचंही तसंच असणार, मांस बुडतं आणि चरबी तरंगते. मोबाईलमध्येही निघालं की मोठ्या ठिकाणी माणसाला पाण्यात बुडवूनच तोलतात. भावाच्या अंगणात गुरांसाठी सिमेंटचं मोठं टाकं होतं. बाईंनी त्यावर लाकडाची बल्ली आडवी टाकली, पोती तोलायचा स्प्रिंगचा लटकता काटा तिला अडकवला, त्याला दोराचा झोका बांधला आणि लुगड्याचा काचा मारून त्यात जाऊन बसल्या.

भाऊ खाटेवर होता. चेहरा सुजलेला, रंग काळपट. त्याच्या उशाशी स्टीलचा एक छोटा पेला होता. दिवसभराचं पाणी तेवढंच, त्याच्यापेक्षा जास्त प्यायची त्याला मनाई होती. काट्याचा आकडा वाचायचं काम बाईंनी त्याला दिलं. आम्ही खाट टाक्याजवळ ओढली. एवढं भरलेलं टाकं समोर, आणि हा माणूस ओठ ओले करून बसलेला. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते.

बाईंनी फुगे सोडत सगळा श्वास बाहेर टाकला आणि डोकं आत घेतलं. झोका ढिला पडला. काट्याची सुई जागची हलेना. बाई खाली जाण्याऐवजी वर आल्या, आधी पाठ, मग डोकं. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा वर आल्या. भाऊ काट्याकडे बघत होता, मग बाईंकडे बघायला लागला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"ताई," तो म्हणाला, "तू तं पोचट निघाली वो."

आणि तो हसला. त्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं काही झालं. किती महिन्यांनी तो हसत होता. बाई टाक्यात उभ्या, केसांतून पाणी गळत होतं. त्या हसल्या नाहीत. टाक्याच्या काठावर हात ठेवून म्हणाल्या, "थांब तू. भरीव होऊन दाखवतो तुले."

थांब हा शब्द त्यांनी असा म्हटला की भावाचं हसणं मिटलं. त्याने मान डोलावली.

त्यानंतर बाईंना मी एकदाही आळस करताना बघितलं नाही. तापाने फणफणल्या तेवढे दिवस वीट उचलली नाही, बाकी रोज. अर्ध्या पोत्यात आणखी धान घातलं, मग आणखी. लग्नाच्या जेवणात जिलेबी पुढे आली की पान उलटं घालून उठायच्या. एका चुलत पुतण्याने म्हटलं की आत्या, आता या वयात कोणाला दाखवायचं आहे. बाईंनी त्याच्या पोटाचा चिमटा काढला आणि म्हणाल्या, उद्या तुझ्या भावाला किडनी लागली तर तुझी चालेल का बघ.

भिंतीवरचे आकडे हळू उतरत होते. एखादा महिना तिथेच अडायचा. असा महिना आला की बाई रागावत नसत. भिंतीसमोर उभ्या राहून, काय चुकलं ते मोठ्याने आठवत. भात वाढला का, झोप झाली का, कोणाकडे पाहुणचार झाला का. मग पुन्हा कामाला लागायच्या. करदोड्याची गाठ पुढे सरकत गेली आणि टोकाला लोंबणारा दोरा लांब होत गेला. तो त्यांनी कापला नाही. कमरेला खोचून ठेवायच्या. मशीनवर चौतीस आले, त्या दिवशी जिमवाल्या पोराने पेढा दिला. बाईंनी तो माझ्या तोंडात घातला.

तिसऱ्यांदा नागपूरला गेलो तेव्हा मीच जास्त घाबरले होते. भाऊही आला होता, पण आता त्याला चालवत नव्हतं, चाकाच्या खुर्चीवरून आणलं. बाई त्या मोठ्या यंत्राखाली झोपल्या. डॉक्टरने जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवला. चरबी उतरली होती. मांस पहिल्यापेक्षाही वाढलं होतं, रक्तही भरलं होतं. त्याने विचारलं की कोणत्या जिमला जाता. बाईंनी सांगितलं, "धानाच्या पोत्याच्या." त्याने बाकीचे कागद पुन्हा पुन्हा तपासले, आणि तारीख दिली.

बाहेर भाऊ खुर्चीवर बसला होता. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, स्वतःच्या पोटावर तळहाताची थाप मारली आणि म्हणाल्या, "पास."

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि भावाची बायको बाकावर बसून होतो. बाईंना शुद्ध आली तेव्हा आधी नर्सला त्यांनी विचारलं की तिकडे भावाला लघवी झाली का. नर्स म्हणाली, व्हायला लागली. बाईंना तेवढ्याने समाधान नव्हतं. किती, असं विचारलं. नर्स जाऊन बघून आली आणि आकडा सांगितला. बाईंनी डोळे मिटले. चार दिवसांनी मी भावाच्या खोलीत डोकावले तेव्हा तो पाणी पीत होता. मोठ्या तांब्याने, वरून, गळ्यावर सांडत. डॉक्टरच त्याला पी म्हणत होते.

शहापूरला परत आल्यावर बाईंना पोतं उचलायला बंदी होती. त्या दारात बसून पोत्याकडे बघायच्या. औषधांचा खर्च होताच, पण गाड्यांचा कमी झाला. दुकानांचं भाडं आलं की त्यातून थोडे पैसे राहिलेल्या पगारापोटी त्या माझ्या हातात ठेवू लागल्या. मी नको म्हणायचे. म्हणजे मान हलवायचे. त्या ऐकत नसत. असं बराच काळ चाललं.

एका रविवारी त्यांनी मला समोर बसवलं, पूर्वी बसवलं होतं तिथेच. पदराची गाठ सोडली आणि नोटा जमिनीवर ठेवल्या. म्हणाल्या की हे शेवटचे, याच्यानंतर तुझं माझ्याकडे काही राहिलं नाही, मोजून घे. मी तशाच उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"असं नाही. न मोजता मी कोणाचंच घेतलं नाही. तुले कायले तसं देऊ?"

मी मोजले. मला वेळ लागला. पैसे बरोबर होते, पुरे होते. मी नोटा सारख्या केल्या, जमिनीवर ठेवल्या, त्यांच्यावर तळहाताची थाप मारली आणि म्हणाले, "पास."